अकरा मिनिटांचे प्रोफेसर

अख्खी इमारत तिच्या नवऱ्याला ‘प्रोफेसर’ म्हणायची. वास्तविक या गृहस्थाने उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. चौतीस वर्षं एका कचेरीच्या टपाल विभागात पाकिटांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाला. प्रोफेसरकी मिळाली ती रविवारच्या शब्दकोड्यामुळे.

रविवारी सकाळी साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसत. हातात शाईपेन. पेन्सिल म्हणे कच्च्या लोकांसाठी. तेवढा वेळ घरात नळसुद्धा सोडायचा नाही. अकरा मिनिटांत सगळी घरं भरलेली, खाली सही, सहीशेजारी वेळ. मग कोडं बाहेरून दिसेल अशी पेपरची घडी घालून स्वारी खाली न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसे. न्हावी हात जोडायचा, गिऱ्हाइकं माना डोलवायची. पुढच्या रविवारी छापून येणारी उत्तरं मात्र प्रोफेसर कधी बघत नसत. “खात्री असल्यावर बघायचं कशाला?” असं ते म्हणत आणि लोकांना तेही मोठेपणाचंच वाटे.

ती स्वतः इस्पितळाच्या कपडेखोलीत कामाला होती. एकोणीस वर्षं चादरी मोजणं, फाटलेल्या शिवणं, वॉर्डावॉर्डांत पोचवणं. आता तिथली मुख्य बाई निवृत्त होणार होती, आणि त्या जागेसाठी लेखी परीक्षा होती. मेट्रनने हिला बोलावून अर्ज हातात दिला. हिने तो घरी आणला आणि तिथेच चुकली, कारण तो नवऱ्याला दाखवला.

त्याने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, आधी मला विचार करू दे. अर्ज टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला. तीन आठवडे विचार चालू होता. विचारलं की म्हणे, लेखी परीक्षा म्हणजे चादरीच्या घड्या नव्हेत, चारचौघांत हसं करून घेशील. उद्या सोमवार, अर्जाची शेवटची तारीख. आणि तिलाही आतून वाटत होतं, अकरा मिनिटांत कोडं सोडवणारा माणूस म्हणतोय म्हणजे खरंच असेल.

त्या दुपारी प्रोफेसर घोरत होते. उशीच्या अभ्र्यासाठी मापाचा कागद कापायला तिने सकाळचा पेपर पसरला. कोड्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की या वेळची गंमत अशी : प्रत्येक उत्तर उलटं वाचलं तरी तेच राहतं. तिला मौज वाटली. ‘डोळा, तीन अक्षरं.’ नयन, ती मनात म्हणाली. घरांत लिहिलं होतं ‘लोचन’. तिने ते उलटं वाचून पाहिलं. ‘चहा असा हवा आणि शिस्तही’ याला त्याने ‘गरम’ लिहिलं होतं. कडक तिला लगेच सुचलं. ‘मरता मरता वाचलेल्याला मिळतं ते, पाच अक्षरं’ इथे ती जरा अडली. मग नवजीवन सुचलं तेव्हा तिला एकटीलाच हसू आलं. प्रोफेसरांनी लिहिलं होतं ‘जीवदानर’. एक घर उरलं म्हणून शेवटी र डकवून दिला होता.

आणि खालच्या कोपऱ्यात होतं ‘रमटळ’.

हा शब्द तिने पूर्वी कुठेतरी पाहिला होता. तिने कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेले जुने रविवार ओढून काढले. रमटळ. पुढच्यात खडूप आणि नाचसव. त्याच्या पुढच्यात पुन्हा रमटळ. असे शब्द तिने वर्षानुवर्षं येता-जाता वाचले होते आणि आपलं वाचन कमी म्हणून मुकाट्याने मान खाली घातली होती. तिला त्याचा राग आलाच. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. या माणसाला आपण घाबरत होतो.

संध्याकाळी तो चहा पीत होता, तेव्हा तिने समोर बसून विचारलं.

“अहो, रमटळ म्हणजे काय हो?”

त्याने कप खालीसुद्धा ठेवला नाही. “ग्रांथिक शब्द आहे. तुला नाही कळायचा.”

खोटं बोलताना माणूस निदान चाचरतो, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. हा चाचरला नाही. ती उठली, त्याच्या कोपराशेजारचा ड्रॉवर ओढला, वरची बिलं बाजूला केली आणि अर्ज काढला. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच्यासमोरच भरायला लागली. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं. त्याला बहुधा वाटलं, ती विचारेल काहीतरी. तिने काही विचारलं नाही.

“भर, भर,” तो शेवटी म्हणाला. “पण परीक्षेत रमटळसारखे शब्द आले म्हणजे काय करशील?”

“येणार नाहीत,” ती मान वर न करता म्हणाली. “तो पेपर लिहितावाचता येणारी माणसं काढतात.”