छबुबाईचा पहिला मुक्काम

ज्वारी निम्मी पाखडून झाली होती, निम्मी पोत्यातच होती, तेवढ्यात रामकिसननं अंगणातून हाक मारली, "आगं, ये बरं बाहीर. गाडी तयार झाली."

छबुबाई हातातल्या सुपासकटच दारात आली. म्हणजे फार वेळ थांबायचा तिचा विचार नव्हता.

गाडी म्हणजे भाजीपाला वाहायचं जुनं पिकअप. त्याच्या हौद्यावर रामकिसननं पत्र्याची खोली चढवली होती. आत झोपायला फळी, कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी. दोघा नवराबायकोची उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की कोयता घेऊन ट्रकात बसायचं ते उन्हाळ्यातच परत यायचं. आता लेक चाकणला कामाला लागला आणि देवाच्या दयेनं हातातला कोयता सुटला. "बायकोला आता देवदर्शन घडवतो. जिथं रात होईल तिथं आपलं घर," असं रामकिसन गावभर सांगत सुटला होता. बायको तेवढी अजून हो म्हणाली नव्हती. गावाला तेही ठाऊक होतं. लोक गाडी बघायला यायचे आणि छबुबाईचं तोंड बघून जायचे.

तिनं मागून आत डोकावलं. फळी बघितली, शेगडी बघितली, टांगलेला पडदा बघितला. "हं," म्हणाली आणि परत पाखडायला जाऊन बसली.

"हं म्हंजी काय बे?" रामकिसननं शेजारच्या भागवतला विचारलं. भागवत हल्ली पारावर जायचं सोडून गाडीच्या चाकालाच टेकून बसायचा.

"हं म्हंजी न्हाई," भागवत म्हणाला. "आमच्या घरात बी तसंच म्हणत्यात."

रामकिसन छबुबाईसमोर जाऊन बसला आणि सगळा बेत त्यानं बोटांवर मांडला. "कोल्हापूरला अंबाबाईला जायचं. पयला मुक्काम करमाळ्याकडल्या कारखान्यावर. वजनकाट्यामागं हापसा हाय, पाणी गोड. दुसरा सांगलीकडं, बैलगाड्यांच्या तळावर. जागा लई मोकळी. तिसरा थेट कोल्हापूरच्या अलीकडं, त्या भोंग्याच्या कारखान्याला."

"अन् अंबाबाई?"

"ती वाटंतच हाय की."

सूप थांबलं. "तुमी देव बघाय चाललाव का कारखाने?"

"आगं, वळखीच्या जागा हायेत. पाणी कुठं, जळण कुठं, समदं ठावं. नव्या जागंला रात काढायची म्हंजी कसं जमावं?"

त्याचंही खोटं नव्हतं. अर्ध्या महाराष्ट्राचा नकाशा त्याला पाठ होता, फक्त त्यात गावांच्या जागी कारखाने होते.

"वहिनी, जा की," भागवत म्हणाला. "आमच्या मंडळीला तर कुणी कपिलधारपतुर बी नेत न्हाई."

"तुमीच न्यायचं की भावजी."

"तेच म्हणतो. कुणी नेत न्हाई."

"मी तरी कवा बघितली कपिलधार?" छबुबाई सुपाकडं बघत म्हणाली.

कपिलधार, धबधब्याजवळचं देवस्थान, गावापासून घटकाभराच्या वाटेवर. पण तिथली जत्रा कार्तिकातली, आणि कार्तिकात छबुबाई दरसाल परक्या मुलखात उसाच्या फडात. उन्हाळ्यात परत यावं तर धबधबा आटलेला, पावसाळ्यात खुरपणीतून मान वर होत नसे. फडात उभं राहून हात जोडले तरी देवाला पोचतं, असं ती म्हणायची. पोचलं का, ते मात्र तिला कधी जाऊन विचारता आलं नव्हतं.

दोन दिवस रामकिसननं गाडीत सुधारणा केल्या. गादी टाकली. पंखा लावला. परळीच्या वैजनाथाची तसबीर लावून उदबत्ती ओवाळली. छबुबाईनं तसबिरीला नमस्कार केला, तोही खाली उभं राहूनच. गाडीत काही तिनं पाय टाकला नाही.

शेवटी रामकिसनचा धीर सुटला. "काय पायजे तुला? सांग तरी! न्हाईतर उद्या पत्रा उचकटतो अन् परत वांगी वाहतो. कुणासाठी केलं मी हे?"

छबुबाई पदराला हात पुसत गाडीपाशी गेली आणि तिनं तो पडदा धरून बाजूला सारला.

"ह्याला दार कुठंय?"

"पडदा हाय की."

"कोपीला बी पडदाच व्हता."

कोपी म्हणजे तोडणीवाल्यांचं बांबू-पाचटाचं खोपट. त्याला दार कधीच नसतं. जुनं लुगडं नाहीतर पोतं लावायचं.

"तुमी दमून आडवं व्हायचे अन् घोरायचे," ती म्हणाली. "मी पडद्याकडं बघत पडायची. हाललं की कळायचं न्हाई, कुत्रं हाय, वारा हाय का माणूस हाय. कशापायी येऊ मी परत तसंच झोपाय?"

रामकिसननं आत बघितलं. डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला अंथरूण, तोंडाशी पडदा. कुणी सांगितलं नव्हतं; हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं होतं. चाकांवर कोपीच उभी होती.

"दार लोखंडाचं पायजे," छबुबाई म्हणाली. "कडी आतून. कारखान्यावर एक बी मुक्काम न्हाई. अन् पयली रात कपिलधारला. जत्रा आता चार दिवसांवर आलीय."

"कपिलधारला मुक्काम? आगं, तितून संध्याकाळी घरी येता येतं!"

"येता येतं. पर यायचं न्हाई."

चाकाला टेकलेला भागवत म्हणाला, "लई लांबचा परवास हाय. पोचल्यावर फोन कर बे."

रामकिसननं पडदा काढला. मागची मोकळी चौकट टेपानं मापली, माप तळहातावर लिहिलं आणि नेकनूरला वेल्डिंगवाल्याकडं दार सांगायला निघाला.