वॉलेटच्या पलीकडचा माणूस

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात, पण कळंबच्या ठाण्यात आलेली ती भरतकाम करणारी बाई मला आजही जशीच्या तशी आठवते. मी तिथला ठाणेदार होतो आणि निवृत्ती तोंडावर आली होती. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात ती नवऱ्यासोबत आत आली.

जवळच्या बंजारा तांड्यावरची ही बाई आरसे-कवड्यांच्या पिशव्या करून परदेशातल्या एका दुकानाला विकायची. पैसे बिटकॉइनमध्ये यायचे, थेट तिच्या मोबाइलमधल्या वॉलेटवर. अलीकडे पैसे जमा झाले की अनोळखी नंबरवरून मेसेज यायचा: 'आज आले. कोन यार पाठवते? बंद कर, नाही तं नायकापुढं उभी करीन.' नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द तिथं शेवटचा.

"साहेब, तांड्यात हे पसरलं तं माह्यं काम बंद करतीन," ती म्हणाली. "मले जावेवर शक आहे. लय जळते माह्यावर."

नवरा सारखा मधे बोलत होता. "जाऊ द्या ना साहेब. लिहून कायले घेता? वॉलेटच बंद करतो, कटकट मिटली."

त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि वॉलेट त्यानंच तिच्या मोबाइलमध्ये घालून दिलं होतं. बायकोला धमकी येते आणि राग मात्र वॉलेटवर, हे मला खटकलं. मी तक्रार नोंदवून घेतली.

मेसेजचा नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. मग यवतमाळच्या सायबर सेलमधून एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हे वॉलेट हलकं असतं, सगळी नोंद स्वतः ठेवत नाही. ते एका सर्व्हरला विचारतं, माझ्या पत्त्यावर काही आलं का? दोघांतलं हे बोलणं एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे वाटेत कुणालाही ऐकता येत नाही.

"वाटेतल्याला नाही," मी म्हणालो, "पण ज्याला विचारलं त्याला तर ऐकू येतंच ना?"

त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी बाईला एकटीलाच बोलावलं. उपनिरीक्षकांनी स्वतःच्या वॉलेटमधून तिला किरकोळ रक्कम पाठवली. खोलीत आम्ही तिघंच होतो. चहा संपायच्या आत मेसेज आला: 'आजचा हा नवा कोन?'

पैसे आल्याचं आम्हा तिघांखेरीज फक्त त्या सर्व्हरला ठाऊक होतं. वॉलेट ज्या सर्व्हरला विचारत होतं, त्याचं इंटरनेट कनेक्शन कुणाच्या नावावर आहे हे कंपनीकडून मागवलं. ते नवऱ्याच्या दुकानाचं होतं. 'बाहेरच्याचा सर्व्हर कायले? घरची गोष्ट घरातच राहीन,' असं तिला सांगून त्यानं तो बसवला होता.

त्याला बोलावलं. आधी त्यानं कानांवर हात ठेवले. मी शांतपणे म्हणालो, "तो नवा यार म्हणजे या उपनिरीक्षक मॅडम."

तो एकदम फुटला. "साहेब, मले पैसे नोको होते. पैसे आले का छातीत आग पडे. मोबाइल पाहून हासते ती. तिकडचे लोक लिहून पाठवतेत, लय सुंदर काम आहे म्हनून. माह्याकडं पाहून ती तशी कवाच हासली नाही."

"तू कधी म्हणालास, सुंदर आहे?"

मत्सरी माणसं मी खूप पाहिली. कुऱ्हाड घेऊन निघालेलेही पाहिले. हा मात्र रोज दुकानात बसून स्वतःच्या काळजावर मीठ चोळत होता. मला त्याची कीव आली आणि चीडही आली.

बाईला आत बोलावून सगळं सांगितलं. ती रडली नाही. मोबाइल उपनिरीक्षकांपुढे धरून म्हणाली, "हा सर्व्हर बदलून द्या. अन् बदलाचा कसा तेही मले शिकवा."

"मंग मले कसं कळंन, कोनाचे पैसे आले?" नवरा म्हणाला.

"मले विचारा ना. आजलोक एकदा तरी विचारलं?"

तक्रार तिनं मागे घेतली नाही, मीही तसं सुचवलं नाही. त्यानंतर संशयानं पेटलेला कुणी नवरा समोर आला, की मी आधी हेच पाही, की यानं बायकोला सरळ एक प्रश्न तरी केला आहे का. बहुतेकांनी गावाला विचारलेलं असे, फक्त तिला सोडून.

जबाबांवर सह्या झाल्यावर नोटीस देऊन त्याला सोडलं. गेटाशी तो मोटारसायकलजवळ घुटमळला आणि हळूच म्हणाला, "संग येतं का?"

"एस्टीनं जातो," ती म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली.