डार्मश्टाटमधला शहीद मिनार

इथं जर्मनीत आमच्या खालच्या मजल्यावर ढाक्याची एक बाई राहते. फेब्रुवारीत तिनं शहीद मिनारला बोलावलं, तशी मी बाई नारळ, हळदकुंकू, उदबत्ती घेऊन लेकीसकट हजर! बंगाली भाषेसाठी गोळ्या झेललेल्या पोरांचं ढाक्यात स्मारक आहे. त्याची प्लायवूडची प्रतिकृती इथल्या बंगाल्यांनी युनिव्हर्सिटीजवळच्या अंगणात उभारली होती. पांढरे खांब, मधला वरून वाकलेला, मागे लाल गोळा.

मी नारळ पुढे केला. ती हिंदीत म्हणाली, "दीदी, हे देव नाहीत, आपल्यासारखी माणसं होती. फक्त फूल वाहायचं, अनवाणी."

घ्या! नारळ मुकाट पिशवीत गेला. बूट काढले. फरशी कसली गार होती, विचारू नका. आठ वर्षांच्या लेकीनंही कुरकुर न करता मोजे काढले.

आणि मला बाबा आठवले. मी शाळेत असताना ते मुंबईला हुतात्मा चौकात घेऊन गेले होते. मराठी राज्यासाठी जीव दिलेल्यांपुढे भर रहदारीत चपला काढून, हात जोडून उभे राहिले. मला मेली लाज! "चला ना बाबा, लोक बघतायत," म्हणत मी त्यांचा हात ओढला. ते चपला घालून निघाले. आता वाटतं, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं त्यांच्याशेजारी तिथं उभं राहायला मिळावं.

माझे डोळे भरलेले पाहून लेकीनं काय झालं विचारलं, अर्थात जर्मनमध्ये. तिला घरातलं मराठी कळतं, पण उत्तर जर्मनच. आजोबांशी व्हिडिओवर बोलतानाही मध्ये मी दुभाषी. नातीनं एकदा तरी आपल्याशी मराठीत बोलावं, एवढीच बाबांची आस. मी तिला हुतात्म्यांची गोष्ट मराठीत सांगायला घेतली. आंदोलन, गोळीबार, बलिदान... तिला काही कळेना. शेवटी सगळी जर्मनमध्ये सांगितली.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर मिनाराचं सांगितलं. ते एकदम खुलले.

"अगं, मग पोरीला आपल्या हुतात्म्यांचं सांगितलंस की नाही?"

"सांगितलं ना."

"मराठीत?"

"हो बाबा."

शेजारी बसलेल्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वळून म्हणाली, "हो आजोबा. आईनं मराठीत सांगितलं."

बाबा चष्मा काढून डोळे पुसत होते. "अगं, बोलली! मराठीत बोलली!" मी मात्र स्क्रीनसमोरून उठून स्वयंपाकघरात गेले.