जाऊबाईंचे तीन काळ

माझ्या मोठ्या जाऊबाई रुग्णालयात आया आहेत. अर्धं आयुष्य त्यांनी वॉर्डात काढलंय. नवे मालक आले आणि फर्मान निघालं: इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हा, नाहीतर तळघरात जाऊन चादरी धुवा. माणसं सोडून चादरींच्या ढिगात बसायचं म्हटल्यावर बाईंची झोपच उडाली.

शिकवणार कोण, तर मी. चार बुकं जास्त शिकलेय ना! पण भूतकाळ म्हटलं की त्या भिंतीकडे बघत बसायच्या. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा वैतागून मी पलंगावर आडवी झाले, तर त्यांनी सवयीनं मला कुशीवर वळवलं. वळवता वळवता म्हणाल्या, "आय ॲम टर्निंग यू." हात काढला आणि म्हणाल्या, "आय टर्न्ड यू."

मी ताडकन उठून बसले. त्या दिवसापासून मी रोजची पेशंट. हात अंगावर असला की वर्तमान, काढला की भूत, आणि पांघरूण घेऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या की भविष्य. सगळे काळ पाठ झाले, माझी कंबर मात्र कामातून गेली.

परीक्षेत पलंग नसणार, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर मी जीव मुठीत धरून बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षक साहेबांनी इंग्रजीत विचारलं, काल सकाळी काय केलंत? जाऊबाई खुर्चीत ताठ, तोंडाला कुलूप. साहेबांनी पुन्हा विचारलं. आत जाऊन टेबलावर आडवं व्हावं असं वाटलं, पण बाहेरचं कुणी आत दिसलं की परीक्षा रद्द.

"साहेब, तुम्ही जरा आडवे होता का?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय?" साहेब भडकले. "बाई, येत नसेल तर तसं सांगा."

त्यांनी शेरा लिहायला पेन उचललं. जाऊबाई उठल्या आणि त्यांनी साहेबांचं मनगटच धरलं.

"आय ॲम होल्डिंग युवर हँड."

साहेबांनी हात ओढला. सुटला नाही. झालं, आता तळघरसुद्धा मिळत नाही, असं मी मनात म्हटलं.

"डोन्ट फिअर," म्हणत त्यांनी तो हात हळूच टेबलावर ठेवला आणि सोडला. "आय हेल्ड युवर हँड. यस्टरडे आय हेल्ड मेनी हँड. आय वॉश्ड, आय फेड, आय टर्न्ड." एकदा सुरू झाल्यावर बाई कसल्या थांबतायत!

साहेब मनगट चोळत होते. "आणि मी नापास केलं, तर उद्या काय कराल?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं.

आता धरायला काहीच नव्हतं. जाऊबाई खुर्चीत बसल्या. रिकामे हात त्यांनी मांडीवर ठेवले.

"टुमॉरो आय विल वॉश शीट," त्या म्हणाल्या. "पेशंट विल कॉल. हू विल गो?"

साहेबांनी पुन्हा पेन उचललं. त्यांनी कागदावर पास लिहिलं, आणि मी बाकावरच हमसून रडायला लागले.