शेवंतीचा कमरपट्टा

शेळगावात झुंबरएवढा बढाईखोर माणूस न्हाय, आन भनीवर त्याच्याएवढा जीव लावणाराबी न्हाय. सातवीत शाळा सुटली, पर शेवंती अशी पिकवतो की व्यापारी त्याचीच क्रेट आधी उघडत्यात. धाकट्या संजीवनीला त्यानंच शिकवली, लग्न करून अमेरिकेला धाडली. तवापास्नं एसटीत शेजारी बसंल त्याला कळंब यायच्या आत सगळी अमेरिका ऐकावी लागायची.

सातव्या म्हैन्याची पोटुशी संजीवनी एकलीच परत आली. व्हिसा संपला म्हणून पकडली, कोंडली, मग धाडली, एवढंच घरात ठाऊक. झुंबरनं गावात सांगितलं, "पैलं बाळंतपण म्हायेरीच, आमची रीत हाय." पर ती बोलंना, धड जेवंना. बारामतीची डॉक्टरीण म्हणाली, असं चाललं तर बाळाला भोवंल.

म्हणून झुंबरनं डोहाळजेवण मांडलं. फुलांचे दागिने घरच्याच शेवंतीचे. कमरपट्टा तर त्यानं सोता गुंफला.

चुलता आप्पासाहेब म्हणाला, "झुंबरराव, भनीला नटवताय का ट्रॅक्टरला?"

"आप्पा, असा पट्टा बारामतीत दावा, मिशी उतरवतो."

बायांनी मुकुट घातला, बाजूबंद बांधलं. आई बनाबाईनं कमरपट्टा पोटाखालनं घेतला, तशी संजीवनी पाटावरनं उठली.

"आये, कमरंला काय बांधू नगं."

झुंबर हसला. "जड झाला व्हय गं? फुलंच हायती."

"दादा, तिथं दवाखान्यात न्यायचे तवा हितंच साखळी बांधायचे. हातबी तिलाच अडकवायचे. रगात जात हुतं, तरी सोडली न्हाय. नियम हाय म्हणायचे."

ती साखळीत हुती तवा झुंबर एसटीत त्याच मुलखाचं गुळगुळीत रस्तं सांगत हुता. मांडवाबाहेर जाऊन थुंकला, तरी तोंडाची घाण जाईना.

तो आत आला तसा आप्पासाहेब हळूच म्हणाला, "हितंच गाडा हे. लोक नावं ठिवत्याल."

"कुणाला, हिला? हिनं काय दरोडा घातला? आपुन गाभण शेळीचंबी दावं सैल करतो आप्पा. दोन जिवांच्या बाईला ज्यांनी साखळी घातली, त्यास्नी ठिवा नावं. एसटीत अमेरिका म्याच मिरवली, आता हेबी म्याच सांगणार."

त्यानं आईच्या हातातनं कमरपट्टा घेतला, दातानं दोरा तोडला. सगळी शेवंती मोकळी झाली.

"ओटी पसर," तो म्हणाला. "बांधत न्हाय कुणी तुला."

संजीवनी खाली बसली. पदर पसरला. फुलं पडत हुती तवा आईला म्हणाली, "आये, वाढ काय तरी. भूक लागलीया."