पाय वर घे की!

हौसाआत्यामुळं मी आज हे लिहायला जिवंत आहे. ती माझ्या वडलांची थोरली बहीण. वेल्ह्याच्या डोंगरात एका वाडीवर शेरडं राखते. आई गेल्यावर भोंगवलीहून मला तिनंच नेलं, वाढवलं. म्हणून आधी तिचं नाव, मग बाकीचं.

मी आठवीतून शाळा सोडलेला, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वाडीवर कुणी चकवा लागला म्हणालं, तर मी म्हणायचो, बॅटरी घेऊन जावा की राव!

आधी नसरापूरला टेम्पोवर क्लीनर होतो. आता इकडं लांब मध्य प्रदेशात, विमान शिकवतात त्या मैदानावर कामाला आहे. विमानं धुवायची, ढकलून शेडमध्ये लावायची. लहान विमानं, दोन माणसांची. शिकवणारे सर पंजाबी, भला माणूस. एका सकाळी म्हणाले, "रोज धोता है, आज बैठ भी ले."

वर झकास वाटलं. उतरताना मात्र वारा आडवा लागला. या विमानात दोघांच्याही पायाशी विमान वळवायची पेडल असतात, एकमेकांना जोडलेली. सरांनी बजावलं होतं, पाय लावायचा नाही. पण टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसणारा माणूस भ्यायला की काय करतो? समोर ब्रेक नसला तरी पाय दाबतो! चाकं टेकली, विमान डुललं आणि माझा डावा पाय गच्च दाबला गेला.

विमान फर्रकन डावीकडं वळलं. धावपट्टी सुटली, गवत आलं... समोर कुंपणाचे लोखंडी खांब. सर ओरडत होते, "पैर हटा! पैर!" पण माझ्या डोक्यात काही शिरेना. पायाचं तर लाकूड झालेलं. वाटलं, मी तर मरतोच, या देवमाणसालाही घेऊन मरतोय.

तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमध्ये, अगदी स्वच्छ —

"आरं ए, पाय वर घे की! सारवाय घेतलंय न्हवं!"

लहानपणी मी उंबऱ्यावर बसलेला असायचो आणि आत्या सारवत सारवत माझ्या पायापर्यंत यायची. ही हाक आली की विचार करायचा नाही. पाय वर! नाहीतर शेणाचा हात पाठीत. तसेच माझे दोन्ही पाय पोटाशी आले. सर उजवं पेडल दाबतच होते, विमानानं उजवीकडं हिसका घेतला, कुंपणाच्या कडेकडेनं गेलं आणि थांबलं.

सरांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता शिव्या, मग नोकरी जाणार. पण हेडफोन काढून त्यांनी एवढंच विचारलं, "वो औरत कौन थी?"

खालून विमानाशी बोलतात त्या टॉवरवर त्या दिवशी बाई नव्हतीच. आणि सरांना मराठीचं अक्षर कळत नाही.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. "सकाळी काय करत होतीस गं?"

"काय करनार? वटा सारवीत हुते."

"मला हाक मारलीस?"

"तुला कुनी सांगितलं? ती शेजारची रकमा हसत हुती मला. म्हनं, पोरगं परमुलखात, अन म्हातारे, तू पाय कुनाला वर घ्याय लावतीस? तोंडातनं निघालं बघ. तू हितंच बसल्यावानी वाटलं."

मग मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. म्हणालो, "आत्या, तुझ्या घरात फरशी घालून देतो."

"गप ए! मग फुडल्या बारीला तुला हाक कुटनं मारू?"

माझ्याच मनानं ती हाक काढली म्हणावं, तर सरांनी कशी ऐकली? मला अजून उलगडा झालेला नाही. कुणाला होत असेल तर सांगा.

फरशी नको तर नको. पण आत्याला शेरडांमागं चालवेनासं होईल, तेव्हा मी वाडीवर परत येणार आणि शेरडं मी राखणार. तिला वाचता येत नाही, म्हणून हा शब्द तुम्हा सगळ्यांसमोर देतो.