दोन घड्याळांची बाई

तिच्या गळ्यात दोन घड्याळं असायची. शाळेत धावण्याच्या शर्यतीला गुरुजी वापरतात तसली, बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. उजवीकडचं बायकांचं, डावीकडचं पुरुषांचं. ग्रामसभेत बाई बोलायला लागली की ही उजवं दाबणार, पुरुष बोलायला लागला की डावं. डाव्या घड्याळाच्या बटणावरचा रंग पार उडून गेला होता आणि उजवं मात्र कोरं करकरीत होतं. सगळं गाव तिला घड्याळबाई म्हणायचं. तिला स्वतःचं चांगलं, पुण्याकडचं नाव होतं, पण ते मी इथे सांगणार नाही, तिला आवडायचं नाही.

ती आमच्याच माडीवर राहायला होती. शहादा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात खोली भाड्याने देणारं दुसरं कोणी नव्हतं, शिवाय मी सरपंच होते. म्हणजे जागा बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून मी होते. गावात मला सरपंचबाई म्हणत आणि आमच्या यांना सरपंच. कधीकधी मीसुद्धा यांना "सरपंच, जेवाले चला" म्हणून हाक मारायची. ग्रामपंचायतीतल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत हे बसत. मी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, पदर सावरत, सही लागली की सही करायची.

सरकारचा पैसा गावात येतो तेव्हा तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना बायका किती बोलतात, हा घड्याळबाईचा अभ्यास. पहिल्याच दिवशी तिने माझी मुलाखत घेतली. "सरपंचबाई, निधी कशावर खर्च व्हावा असं तुम्हाला वाटतं?" हे म्हणाले, "तिला वाटतं, गावाला दुसरी कमान व्हावी." तिने विचारलं, "सभेत बोलायची तुम्हाला भीती वाटते का?" हे म्हणाले, "अजिबात वाटत नाही तिला." शेवटी मी म्हटलं, "चहा घेणार ना ताई?" तेव्हा कुठे उजवं घड्याळ टुक्‌ वाजलं. मुलाखत फार छान झाली असं हे आठवडाभर लोकांना सांगत होते.

कमानीचं सांगायला हवं. आमच्या गावाला शहाद्याच्या बाजूने एक कमान होतीच, सिमेंटची, दोन्हीकडे हत्ती असलेली. पण शेजारच्या गावाने दोन उभारल्या. आपल्या गावात येणाऱ्याचं स्वागत होतं आणि जाणाऱ्याला कोणी निरोप देत नाही, हे आमच्या यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. इकडे नळाची पाइपलाइन देवळापाशी येऊन थांबलेली. नाल्यापलीकडच्या भिलाटीतल्या, म्हणजे भिलांच्या वस्तीतल्या, बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्ता ओलांडून यायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पण माहीत असणं वेगळं आणि सभेत बोलणं वेगळं.

"मला नसल्यासारखं समजा," हे घड्याळबाईचं ठरलेलं वाक्य. ग्रामसभेत मधोमध खुर्ची टाकून, डोक्यावर पिवळीजर्द टोपी घालून, दोन्ही अंगठे घड्याळांवर ठेवून ती हे सांगायची. भिलाटीतली जमनाबाई आमच्या पपईच्या बागेत कामाला यायची. ती मला हळूच म्हणाली, "नसल्यासारखी? मंग ती टोपी कोनी शे?" दुसरं वाक्य होतं, "हे माझं मत नाही, निरीक्षण आहे." एकदा जेवताना ती यांना म्हणाली, "तुम्ही सरपंचबाईंचं एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाही. हे माझं मत नाही, निरीक्षण आहे." ती माडीवर गेल्यावर यांनी मला विचारलं, "निरीक्षण म्हंजे तक्रार शे का?"

घरातसुद्धा तिचा हात थांबायचा नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं मी विचारलं तरी तिचा उजवा अंगठा आपला हलायचा. मग ती ओशाळून हसायची. मला आधी चमत्कारिक वाटायचं. पुढे पुढे गंमत वाटायला लागली. आपण तोंड उघडलं की कोणीतरी कामाला लागतं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आता गावाची काय समजूत झाली ते ऐका. शेजारच्या गावात तिची घड्याळं चालू असताना दोन जावांचं कोंबडीवरून भांडण जुंपलं आणि ते सभा संपेपर्यंत चाललं. पुढच्याच महिन्यात त्या गावाला रस्त्याचा निधी आला. बस्स, आमच्या पुरुषांनी हिशेब जुळवला. बायकांची मिनिटं भरली की पैसा सुटतो. यात हसण्यासारखं काही नाही. आजवर योजनांना काय काय लागलं नव्हतं? झाडाबरोबर फोटो लागला, संडासाबरोबर फोटो लागला, अंगठा लागला, डोळा लागला. आता बायकोचं बोलणं लागत असेल, लोकांना त्यात काही नवल वाटलं नाही.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. घराघरांतून नवरे बायकांना बोलायला शिकवायला लागले. ज्यांनी लग्नापासून "तू गप ऱ्हाय" याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं, ते घसा बसू नये म्हणून बायकोला खडीसाखर आणून देऊ लागले. आमचे हे मला म्हणाले, "काहीबी बोल, पन लांब बोल. मुद्दा नको, लांबी पाहिजे." सभा खच्चून भरली. एकीने शेवभाजीची कृती सांगितली, ती बेसन चाळण्यापासून. दुसरीने खापर गावच्या नणंदेच्या लग्नात कोणी कोणाला काय आहेर केला ते सांगितलं आणि जे राहिले ते आठवून पुन्हा सांगितले. तिचा नवरा हाताने खुणा करत होता, सावकाश, सावकाश.

खुणा अशासाठी की पुरुषांनी बोलणंच बंद केलं होतं. घड्याळबाई दोन्हींचा भागाकार करते हे कोणालातरी कळलं होतं, तेव्हा पुरुष बोलला तर टक्का उतरणार. त्यामुळे सभेत पुरुष मुके. चहा हवा असला तर अंगठा तोंडाला लावायचा. पोलीस पाटील शिंकायलासुद्धा बाहेर जाऊन आले. आणि मधोमध ही पिवळ्या टोपीतली बाई, चेहऱ्यावर आनंद मावत नाही, उजवं घड्याळ दाबतेय. आपल्या अभ्यासात असं गाव दुसरं नाही, असं तिने रात्री जेवताना सांगितलं. यांनी मान डोलावली.

पण शेवभाजी किती दिवस पुरणार? दुसऱ्या सभेपर्यंत बायकांचे विषय संपले. जमनाबाईची पाळी आली तेव्हा तिच्याकडे पाण्याशिवाय सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिने हंडा उचलल्यापासून सुरुवात केली. नाला, तिथला चिखल, रस्ता, उसाची ट्रॅक्टरं, मागे लागणारं कुत्रं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "कमानखालतून मी रोज हंडा लिसन जास. कमान माले काय पानी देस का?" पुरुषांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, कारण भाषण सर्वांत लांब झालं होतं. ती काय बोलली ते घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं. तोवर बाकीच्या बायकांना विषय मिळाला होता. पुढच्या सभेत ठराव घ्यायचा, आधी भिलाटीला नळ, कमान नंतर, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. विरोध कोण करणार? विरोध करायला बोलावं लागतं.

आणि ठरावाच्या आदल्या दिवशी आमच्या यांनी घोळ घातला. दुपारी ओट्यावर घड्याळबाईला विचारलं, "मॅडम, आमची मिनिटं पुरली का? निधी कधी पडतो?"

"कसला निधी?" ती म्हणाली. यांनी समजावून सांगितलं. ऐकता ऐकता ती तिथेच पायरीवर बसली. हे आत निघून गेले. मी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. "माझ्यामुळे सगळं बिघडलं, सरपंचबाई. उद्या सभेत सांगावं लागेल." मी म्हटलं, "ताई, सांगा, पण ठराव झाल्यावर सांगा. आत्ता सांगितलंत तर पुरुषांची तोंडं उघडतील आणि आमची मिटतील." ती म्हणाली, "लोक खोट्या आशेवर बोलतायत हे कळूनही मी गप्प बसू?" माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुमचा अभ्यास खरा राहावा म्हणून भिलाटीने हंडेच वाहायचे का?" ती रडायला लागली, पण माघार घेतली नाही. त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि मनात तिला नाही नाही ते बोलत होते.

सभेत ती उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली. घड्याळांचा आणि निधीचा काही संबंध नाही, गैरसमज झाला, मी माफी मागते. मग जो गलका झाला, विचारू नका. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं पुरुष एकदम बोलायला लागले. घड्याळबाई खाली बसली आणि सवयीने तिने डावं घड्याळ दाबलं. हे खुर्चीत टेकून म्हणाले, "चला, मंग कमानना विषय ल्या." बायका एकेक करून पदर खोचून उठायला लागल्या. जमनाबाई उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती.

मला आजही सांगता येणार नाही मी कशी उठले. मी म्हटलं, "थांबा, विषय नळना शे."

हे चकित होऊन म्हणाले, "आते कसाले बोलस? आते मिनिटं लागत नही."

"म्हनीसनच बोलस," मी म्हटलं. "उठा, माले बसनं शे."

आणि हे उठले. रागाने नाही, नुसते गोंधळून उठले. मी त्या फिरणाऱ्या खुर्चीत बसले. ती इतकी फिरते हे मला माहीत नव्हतं, मी आधी भिंतीकडे तोंड करून बसले, मग वळले. निघालेल्या बायका परत आल्या. त्या दिवशी कोणी शेवभाजी सांगितली नाही. जमनाबाई बोलली, मी बोलले, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत सगळ्या बोलल्या, आणि ठराव झाला. आज भिलाटीला दारात पाणी येतं.

माझं लक्ष मधूनच घड्याळबाईकडे गेलं. तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि तोंड उघडं होतं. डावं घड्याळ तसंच चालू राहिलं होतं. आमचं सगळं बोलणं पुरुषांच्या खात्यात जमा होत होतं आणि तिला त्याची शुद्धच नव्हती. मी तिच्यावर रागावले होते हे मी तिथेच विसरले.

काही दिवसांनी ती गेली. तिचा प्रबंध पुरा झाला तेव्हा मला फोन आला. आवाज पडलेला. म्हणाली, "सरपंचबाई, तुमचं गाव मला वगळावं लागलं. तिथल्या बायकांचं बोलणं नेहमीसारखं नव्हतं, असं लिहावं लागलं." मी म्हटलं, "खरंच आहे ते. पण ताई, आता आम्ही नेहमीच तशा बोलतो. माझी मुदत संपली तरी सभेला जाते, भांडून येते. तुम्ही परत या आणि मोजा ना एकदा."

मग ती म्हणाली, "मी आले की पुन्हा बिघडेल हो. मी आले म्हणून तुम्ही बोलता, असंच ठरेल."

मला तिला बघायचं होतं. माडीवरची खोली मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. मी म्हटलं, "मग नका येऊ, ताई," आणि फोन ठेवल्यावर ओट्यावर बसून मी खूप रडले.